दोन बिअर्डेड ड्रॅगन, दोन टँक: स्वभाव ओळखण्यापासून पेटी बांधण्यापर्यंत

बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, घरी पाळला जाणारा सरडा. तो एका टँकमध्ये एकच ठेवायचा. दोन पाळायचे असतील तर टँक दोन, दिवे दोन, थर्मोस्टॅटही दोन. खर्च आणि जागा दुप्पट लागते. ते झेपणार नसेल तर दुसरा आणूच नका. दुकानात बहुतेक वेळा उलटंच ऐकायला मिळतं: एकटा कंटाळतो, जोडीच न्या. तिथे एका टबात दहा-पंधरा पिल्लं एकमेकांच्या पाठीवर झोपलेली दिसतात, त्यामुळे घेणाऱ्यालाही ते पटतं. पण त्या पिल्लांना दुसरी जागाच नसते. ऊब एका कोपऱ्यात असते आणि सगळी तिथेच गोळा होतात.

पाळीव म्हणून विकला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे पोगोना व्हिटिसेप्स. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांच्या आतल्या कोरड्या पट्ट्यात तो राहतो. कुंपणाचा खांब, वठलेलं खोड, वारुळासारखा उंचवटा अशी एक जागा धरतो, तिथून ऊन घेतो आणि भोवतालच्या टापूवर नजर ठेवतो. दुसरा नर आला तर आधी दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी होते, मग मान जोरात वरखाली हलते, मग अंग चपटं करून तो आडवा उभा राहतो. यातलं बरंचसं भांडण चावाचावीपर्यंत जात नाही, कारण हरलेला पळून जातो आणि नजरेआड झाला की विषय संपतो. चार फुटांच्या पेटीत पळायला जागाच नसते. हरलेला दिवसभर जिंकलेल्याच्या डोळ्यांसमोर राहतो. एकत्र ठेवल्याने होणारा जवळजवळ प्रत्येक त्रास इथून सुरू होतो.

एकटा राहणारा म्हणून त्याला दुसऱ्याचं भान नसतं असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की एका बिअर्डेड ड्रॅगनने सरकतं दार उघडताना पाहिलं तर पाहणारेही तीच हालचाल करून दार उघडतात. ज्यांना ते दाखवलं नव्हतं त्यांना जमलं नाही. समोरचा काय करतोय हे इतकं बारकाईने टिपणाऱ्या प्राण्याला वरचढ सरडा चोवीस तास समोर ठेवणं किती जड जात असेल, ते यावरून कळावं.

हालचाली वाचताना होणाऱ्या चुका

एकावर एक बसणं म्हणजे माया नाही. वरचा सरडा उष्णतेची आणि अतिनील प्रकाशाची जागा बळकावतो, खालच्याच्या अंगावर प्रकाश पडत नाही. यूव्हीबी (अतिनील प्रकाशाचा एक प्रकार) किरण त्वचेवर पडले तरच ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच आहारातलं कॅल्शियम अंगी लागतं. महिनोन्‌महिने खाली दबलेल्या पिल्लाचा जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. एकाच आहारावर वाढलेल्या दोघांपैकी एकालाच हाडांचा आजार होतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवणं हे ‘टाटा’ नव्हे. ‘मी लहान आहे, मला मारू नकोस’ असं त्याचं सांगणं आहे. पिल्लं हे सहज करतात. मोठा झालेला सरडा दुसऱ्याला पाहून दिवसातून अनेकदा पाय फिरवत असेल तर तो दबलेला आहे. मान संथपणे एक-दोनदा हलवणं बहुतेक वेळा प्रतिसाद असतो. काळ्या दाढीसह जोरजोरात झटके देत हलवणं म्हणजे नराचं आव्हान किंवा मीलनाची तयारी. बास्किंगच्या, म्हणजे ऊब घेण्याच्या, जागी तोंड उघडं ठेवून शांत बसलेला सरडा फक्त अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकत असतो, त्याची काळजी नको. तेच तोंड दाढी फुगवून, समोरच्याकडे वळून उघडलेलं असेल तर मात्र लगेच वेगळं करा.

काचेवर पाय मारत सतत वरखाली करणं, पोटावर काळसर लंबगोल रेषा, भर दिवसा डोळे मिटून गार कोपऱ्यात पडणं, शेपटीच्या टोकाला किंवा बोटांना नखाएवढ्या जखमा, या खुणा मारामारीपेक्षा आधी दिसतात. पोटावरच्या रेषा पाहायच्या असतील तर त्याला तळहातावर घेऊन छातीखाली बोटांचा आधार द्या आणि थोडं वर धरा. उताणा करू नका. थंडीमुळेही या रेषा येतात, म्हणून आधी तापमान मोजा. तापमान बरोबर असूनही रेषा रोज दिसत असतील तर कारण बहुधा टँकमधला दुसरा सरडा आहे.

कोणती जोडी चालते का?

दोन नर कधीच नाही. वयात आल्यावर एक दिवस चावाचावी होते, आणि ती बहुतेक वेळा तुम्ही घरी नसताना होते.

नर-मादी ही विकली जाणारी सगळ्यात लोकप्रिय जोडी, आणि मादीसाठी सगळ्यात वाईट. नर मान धरून मीलन करतो, तिला उसंत मिळत नाही. ती एका वेळी वीसेक अंडी घालते, एका हंगामात अशा अनेक खेपा होऊ शकतात, आणि प्रत्येक खेपेचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. दीड वर्षाच्या आतल्या मादीला अंडी धरली तर तिची स्वतःची वाढ अजून पुरी व्हायची असते. अंडी अडकून ती दगावण्याचा धोका खरा आहे.

दोन माद्या त्यातल्या त्यात शांत दिसतात. इथेच फसगत होते, कारण मारामारी नसली तरी दडपण असतंच. एक मादी ४०० ग्रॅमची होते आणि दुसरी, त्याच वयाची, २५० वर अडते.

पिल्लांचं काय? ती भुकेली असतात आणि समोर हलणारी कोणतीही गोष्ट चावतात, मग तो किडा असो की भावंडाचं बोट. घरातल्या पालीची शेपटी तुटली तर परत येते. बिअर्डेड ड्रॅगनची शेपटी किंवा बोट परत येत नाही.

शिवाय दुकानदाराने ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेल्या पिल्लांवर विसंबू नका. तीन महिन्यांच्या आत नर-मादी खात्रीने सांगता येत नाही. पुढे तपासायचं असेल तर सरड्याला सपाट पृष्ठभागावर ठेवा, शेपटी मुळाशी धरून अलगद थोडी वर उचला आणि वरून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाका. विष्ठाद्वाराच्या मागे शेपटीच्या दोन्ही अंगांना दोन फुगवटे आणि मध्ये खाच असेल तर नर. मध्ये एकच हलका उंचवटा किंवा सपाट असेल तर मादी. जोर लावून शेपटी मागे वाकवू नका, मणक्याला इजा होते. या प्राण्यात आणखी एक गुंता आहे: अंडी साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर उबवली गेली तर जनुकांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन जन्मतात, आणि त्या माद्या अंडीही घालतात. त्यामुळे ब्रीडरचा अंदाज चुकणं नवलाचं नाही.

मग मोठा टँक, दोन बास्किंगच्या जागा, मध्ये लाकडं, असं केलं तर? ताण थोडा कमी होतो, मिटत नाही. वरचढ सरडा दोन्ही जागांवर फेऱ्या मारतो. दुसरी पेटी तयार होईपर्यंतच्या चार-आठ दिवसांसाठी ही सोय ठीक आहे, कायमची नाही.

तुमच्याकडे आधीच दोन एकत्र असतील तर

‘आमचे तर दोन वर्षं गुण्यागोविंदाने राहतायत’ असं वाटत असेल तर दोन गोष्टी करून पाहा. पहिली, एक सुट्टीचा दिवस मोबाइल टँकसमोर टाइमलॅप्सवर लावून ठेवा. दिवे लागल्यापासून मावळेपर्यंत दर तासाला नोंद करा: उबेच्या जागी कोण, गार टोकाला कोण, खायला पहिला कोण आला, कोण आल्यावर कोण सरकला. बहुतेक नोंदींत उबेवर एकच नाव आलं तर उत्तर मिळालं. माणूस समोर असताना दोघंही वेगळे वागतात, म्हणून कॅमेरा हवा.

दुसरी, वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा ठेवून शून्य करा, आणि दर रविवारी सकाळी खाण्याआधी दोघांची वजनं वहीत लिहा. वाढत्या वयात एकाचं वजन तीन आठवडे जागच्या जागी राहिलं, किंवा प्रौढाचं दहा टक्के घटलं, तर थांबू नका. आणि दबलेल्याला फक्त जास्त खायला घालून भागत नाही. अंग तापलं नाही तर पोटातलं पचत नाही. किडे आतच कुजतात, बद्धकोष्ठ होतो.

रातोरात वेगळं करायची वेळ आली तर साठवणीचा मोठा प्लास्टिक टब घ्या, शंभर लिटरच्या आसपासचा. झाकण काढून टाका, तळाला वर्तमानपत्र, एका टोकाला चिनी मातीच्या होल्डरमधला दिवा, प्लास्टिकपासून किमान एक फूट लांब. तेवढ्या दिवसांत यूव्हीबीसाठी सकाळी दहाच्या आत वीसेक मिनिटं जाळीच्या पिंजऱ्यात कोवळं ऊन द्या, अर्ध्या भागावर सावली ठेवून, आणि जवळ बसून. काचेचा टँक उन्हात कधीही ठेवायचा नाही. काही मिनिटांत आतला प्राणी भाजून मरतो.

पेटी कशी बांधायची

एका प्रौढासाठी ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच, याहून लहान नको. तयार टँक महाग पडतात. आपल्याकडे प्लायवूड ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये मिळतं आणि त्याचा हिशेब इथे चोख बसतो: एका शीटमधून एक पेटी. शीट लांबीत मधोमध कापा, मग प्रत्येक पट्टी मधोमध. ४ बाय २ च्या चार फळ्या मिळतात. एक तळ, एक छत, एक पाठ. चौथीचे २ बाय २ चे दोन तुकडे, त्या दोन बाजू. बाजू तळावर उभ्या राहतात आणि पाठ त्यांच्या मध्ये बसते, म्हणून पाठीच्या लांबीतून प्लायच्या दोन जाडी कमी करा. १८ मिमी प्लाय असेल तर ३६ मिमी. करवतीच्या पात्यात दरवेळी दोन-तीन मिमी जातात, सुताराला हे आधी सांगा. दोन पेट्यांना दोन शीट, समोरच्या पट्ट्यांचं लाकूड वेगळं.

एकच आठ फुटी पेटी करून मध्ये पडदी घालण्याचा मोह होतो. पडदी अपारदर्शक, तळापासून छतापर्यंत आणि बिनफटीची असेल तर चालतं. काचेची किंवा जाळीची पडदी म्हणजे वेगळं न केल्यासारखंच. तरी आमचा कल दोन सुट्या पेट्यांकडे आहे. आठ फुटी पेटी इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, घर बदलताना ती मोडावी लागते. चार फुटी पेट्या एकावर एक रचता येतात, आणि तशा ठेवल्या की दोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही. रचताना मध्ये दोन इंची लाकडी पट्ट्या द्या. खालच्या पेटीचे दिवे वरच्या पेटीचा तळ तापवतात, तिथून हवा खेळायला हवी.

समोर काचेची सरकती दारं, ५ मिमी जाडीची, ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये. चॅनलखाली चार इंची पट्टी लावा, म्हणजे किडे आणि कचरा दारात अडकत नाही. वरही चार इंची पट्टी हवी. दिवे तिच्यामागे राहिले की डोळ्यांवर येत नाहीत. हवेसाठी गार बाजूच्या फळीत खाली आणि उष्ण बाजूच्या फळीत वर प्रत्येकी एक जाळी, साधारण १२ बाय ३ इंच. गार हवा खालून येते, तापलेली वरून जाते.

आतून वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे (लाकडावरच्या पारदर्शक लेपाचे) तीन हात द्या, सांध्यांत मत्स्यटँकसाठीचं सिलिकॉन भरा. मग दारं उघडी ठेवून दोन आठवडे वाळू द्या. नाक आत घालून वास घ्या. रंगाचा किंवा डिंकाचा जराही वास येत असेल तर प्राणी आत सोडू नका.

तळाला शहाबादी फरशी उत्तम. ती खरखरीत असते, त्यामुळे नखं आपोआप झिजतात, उष्णता धरून ठेवते आणि पुसता येते. गुळगुळीत विट्रिफाइड टाइलवर पाय घसरतात, पिल्लांचे सांधे बिघडतात. दुकानात मिळणारी ‘कॅल्शियम वाळू’ नकोच. ती पोटात जाऊन आतडं तुंबतं.

ऊब आणि उजेड

उजवीकडे ऊब, डावीकडे गारवा, असा उतार तयार झाला पाहिजे. बास्किंगच्या दगडाचा पृष्ठभाग प्रौढासाठी ३८ ते ४२ अंश, गार टोकाची हवा २४ ते २७, रात्री २० च्या आसपास. पृष्ठभाग इन्फ्रारेड गनने मोजा, हवा डिजिटल प्रोबने. काचेवर चिकटवायची घड्याळासारखी तापमापकं भरवशाची नसतात.

उबेसाठी ७५ किंवा १०० वॉटचा हॅलोजन पार-३८ दिवा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, डिमिंग थर्मोस्टॅटवर (तापमान पाहून दिवा मंद-प्रखर करणारं यंत्र). पेटीच्या आत असेल तर भोवती तारेची जाळी लावा, उडी मारून सरडा चिकटतो आणि भाजतो. गरम होणारे दगड वापरू नका. पोट भाजेपर्यंत त्याला चटका कळत नाही. रात्री लाल-निळे दिवे नकोत. घर १८ अंशांखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा.

यूव्हीबीसाठी लांब टी-५ एचओ (जास्त प्रखर, बारीक) नळी, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबी व्यापणारी. छोटे गुंडाळी बल्ब एवढ्या पेटीला पुरत नाहीत. नळी आत, जाळीशिवाय, बास्किंगच्या जागेपासून १२ ते १५ इंचांवर. मध्ये जाळी आली तर साधारण तिसरा हिस्सा किरण तिथेच अडतात. काच आली तर जवळजवळ सगळे. नळी आणि हॅलोजन एकाच टोकाला हवेत, म्हणजे ऊन खाताना दोन्ही मिळतात. दिसणारा उजेड वर्षानुवर्षं टिकतो पण यूव्हीबी घटत जातं, म्हणून वर्षातून एकदा नळी बदला आणि लावल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. दिवे बारा ते चौदा तास, हिवाळ्यात दहा-अकरा.

दोन पेट्यांचे दिवे एका थर्मोस्टॅटवर जोडू नका. खालच्या आणि वरच्या पेटीची हवा सारखी नसते. एकात बरोबर तापमान आलं की दुसरी थंड राहते किंवा होरपळते.

मुंबईची हवा, नागपूरचा मे

या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते. दिवसभर चालणारा हॅलोजन पेटीतली हवा बरीच कोरडी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर हवेच्या जाळ्या मोठ्या करा, खोलीत डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लावा, पाण्याचं भांडं गार टोकाला न्या. तोंडाशी बुडबुडे, मान वर करून श्वास घेणं, श्वासात घरघर ही फुप्फुसाच्या संसर्गाची चिन्हं आहेत. तेव्हा घरगुती उपाय करू नका, विदेशी प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठा.

विदर्भात उलट. मे महिन्यात खोलीच ४० वर जाते आणि गार टोक उरतच नाही. गार टोकाची हवा ३२ ओलांडू लागली की हॅलोजन बंद करा, यूव्हीबी नळी चालू ठेवा, पेटी घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला हलवा. लोडशेडिंग असेल तर निदान ती नळी इन्व्हर्टरवर घ्या. तिला ३९ वॉटच्या आसपास पुरतात.

वेगळं केल्यानंतरचे दोन आठवडे

नवी पेटी प्राणी सोडण्याआधी ४८ तास चालवून तापमानं पक्की करा. नव्या पेटीत वरचढ सरड्याला हलवा. दबलेल्याला ओळखीची जागा राहते आणि तिथलं दडपणच निघून जातं. वरचढाची भूक काही दिवस मंदावते, तो काचेवर पाय मारतो. लोक म्हणतात, सोबत्याला शोधतोय, आणि परत एकत्र ठेवतात. तो नवी हद्द तपासत असतो. दहा-पंधरा दिवसांत निवळतो. त्या काळात उगाच हाताळू नका.

पेट्या समोरासमोर असतील तर मध्ये पुठ्ठा किंवा पडदा लावा. दिवे लागल्यावर काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून दाढी काळी होत असेल तर त्या काचेला आतून मातकट रंगाचा कागद चिकटवा. ‘थोडा वेळ भेट’ म्हणून गादीवर दोघांना सोडायचं नाही.

मादी नरासोबत राहिली असेल तर वेगळं केल्यावरही ती अंडी घालू शकते, आणि शुक्राणू साठवून ठेवत असल्यामुळे पुढची खेपही फळलेली निघू शकते. पोटाच्या बाजूंना द्राक्षांसारख्या गोळ्या हाताला लागतात, वजन झपाट्याने वाढतं, ती कोपरे उकरू लागते. लगेच अंड्यांची पेटी द्या: दीड फूट बाय एक फूट, आत एक फूट खोल ओलसर वाळू-माती, मूठ वळली तर आकार टिकेल इतकी ओली, पाणी निथळणारी नको. एक तिरका बोगदा अर्धवट खोदून ठेवा. उकरणं थांबलं, अंडी आली नाहीत आणि ती मलूल पडली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. अंडी अडकली असावीत. पिल्लं नको असतील तर घातल्यावर दिवसभराच्या आत अंडी फ्रीजरमध्ये ठेवा. वीस पिल्लांना वीस पेट्या लागतील, हे आधी मनाशी धरा.

नवा आणताना

दुसरा सरडा आणला तर वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या खोलीतही ९० दिवस ठेवा. चिमटा, भांडी, पुसायचं फडकं सगळं वेगळं. जुन्याचं आधी करायचं, नव्याचं नंतर, आणि मग साबणाने हात धुवायचे. या काळात ताजी विष्ठा दोन-तीनदा तपासून घ्या: कॉक्सिडिया, सूत्रकृमी हे आतड्यातले परजीवी नेहमीचे आहेत. ॲडेनोव्हायरस जास्त वाईट. तो असलेला सरडा वर्षभर ठणठणीत दिसू शकतो आणि विष्ठेतून विषाणू पसरवत राहतो. त्याची पीसीआर चाचणी होते, ती आपल्या पशुवैद्याकडे उपलब्ध आहे का ते विचारा. अंगावर पिवळसर, कडा खडबडीत असलेले डाग दिसले तर बुरशी समजा आणि लगेच दाखवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेलासाठी (सरड्यांकडून माणसाला लागू शकणारा, पोट बिघडवणारा जिवाणू) हात धुण्याचा नियम कडक पाळा.

खरेदीची पावती आणि ब्रीडरचा तपशील जपून ठेवा. २०२२ साली वन्यजीव (संरक्षण) कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. हा सरडा त्यात येतो का आणि सध्याचा नियम काय, ते वनविभागात विचारून घ्या. सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या राज्याचा परवाना लागतो.

खाणं, दोघांचं वेगळं

प्रौढाला रोज पाला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे. चार महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसातून तीनदा किडे, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. रातकिडे, डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या चांगल्या. घरातली झुरळं नकोत, त्यांच्या अंगावर औषध मारलेलं असू शकतं. कीटकांवर बहुतेक वेळा साधी कॅल्शियम पूड, आठवड्यातून एकदा ड-३ असलेली जीवनसत्त्वांची पूड. उरलेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका. ते झोपलेल्या सरड्याच्या पापण्या आणि बोटं कुरतडतात.

आपल्याकडचा पाला या प्राण्याला छान मानवतो. शेवग्याची कोवळी पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ॲव्होकाडो अजिबात नाही. काजवेही नाहीत. अमेरिकेतल्या काजव्यांच्या काही जातींतल्या विषामुळे बिअर्डेड ड्रॅगन एक काजवा खाऊनही मेल्याच्या नोंदी आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी मे-जूनमध्ये घरात काजवे शिरतात, तेव्हा पेटीच्या जाळ्या तपासा.

चावाचावी झालीच तर

मध्ये हात घालू नका. जाड टॉवेल दोघांवर टाका किंवा मध्ये पुठ्ठा सरकवा, अंधार झाला की पकड सुटते. एकेकाला छाती आणि कंबरेखाली आधार देऊन उचला. जखम सलाइनने धुवा, मग फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. तळाला फक्त कागदी टॉवेल, तापमान नेहमीचंच. अंग गार राहिलं तर जखम भरत नाही. डोळा, जबडा, पोट किंवा सांध्याजवळ चावा असेल तर त्याच दिवशी पशुवैद्य. शेपटीच्या टोकाचा रंग रोज पाहा आणि काळपट भाग कुठे संपतो तिथे पेनने बारीक खूण करा. दोन-तीन दिवसांत काळेपणा खुणेच्या वर सरकला तर शेपटी सडायला लागली आहे, आणि पशुवैद्याला तेवढा भाग कापावा लागेल. उशीर होईल तसा कापायचा भाग वाढतो.